कॉपीरायटर कोणत्या भाषेत विचार करतो?

माझ्या मावशीला अजूनही वाटतं, की मी कॉपीराइटच्या केसेस बघते. शेजारच्या काकांना ‘कॉपी’ म्हटलं की दहावीच्या परीक्षाकेंद्राच्या भिंतीवर चढलेली पोरं आठवतात. दोघांचाही दोष नाही. मराठीत ‘जाहिरात-लेखक’ असा शब्द करता येतो, पण जाहिरात कंपन्यांत तो कुणी वापरत नाही. तिथे सगळे ‘कॉपीरायटर’च म्हणतात. हा शब्द छापखान्यातून आलेला आहे. खिळे जुळवणाऱ्या कामगाराकडे जो मजकूर जायचा, त्याला ‘कॉपी’ म्हणत. तो लिहिणारा कॉपीरायटर. नक्कल आणि कायदा, दोन्हींशी त्याचा संबंध नाही.

मी गेली आठ वर्षं मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीत ‘लँग्वेज कॉपी’ लिहिते. हा अजून एक गमतीशीर शब्द. इंग्रजीत लिहिलं की ती नुसती ‘कॉपी’. मराठी, गुजराती, तमिळमध्ये लिहिलं की ती ‘लँग्वेज कॉपी’. जणू इंग्रजी ही भाषाच नाही, ती हवेसारखी आपोआप असतेच!

या शब्दामुळेच मी माझ्या धंद्याचा इतिहास वाचायला घेतला. ही खुर्ची कधी तयार झाली, तिच्यावर कोण कोण बसलं, ती माणसं कशी होती आणि त्यांना चांगल्या ओळी कुठून सुचल्या, हे मला बघायचं होतं. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली. ती सांगण्यासाठी हा लेख.

सदाशिव पेठेत शोभला असता असा माणूस

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जाहिरात कंपन्या होत्या, पण त्या मुख्यतः वर्तमानपत्रांतली जागा विकायच्या. मजकूर दुकानदारानंच खरडून द्यायचा. त्यात सगळा माल ‘जगात सर्वोत्तम’ असायचा.

१८८० साली फिलाडेल्फियातल्या जॉन वॉनामेकर या दुकानदारानं जॉन पॉवर्स नावाच्या माणसाला फक्त जाहिराती लिहिण्यासाठी कामावर घेतलं. पूर्णवेळ कॉपीरायटर म्हणून ज्याचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, तो हा. त्याची पद्धत एकच होती : साधं लिहायचं आणि खरं लिहायचं. एकदा त्यानं टायच्या जाहिरातीत लिहिलं म्हणतात, की हे टाय दिसतात तितके चांगले नाहीत, पण पंचवीस सेंटला पुरेसे चांगले आहेत. आणखी एक गोष्ट सांगतात ती कपड्यांच्या एका बुडीत निघालेल्या दुकानाची. पॉवर्सनं सरळ छापलं, की आमचं दिवाळं निघालंय, ही जाहिरात वाचून देणेकरी आमच्या मानगुटीवर बसतील, पण तुम्ही उद्या येऊन खरेदी केलीत तर त्यांना द्यायला पैसे मिळतील. लोक आले आणि दुकान वाचलं.

या गोष्टी वाचताना मला पुणेरी पाट्या आठवल्या. कमी शब्द, गोडवा शून्य, पण लिहिणाऱ्याला वाचणारा नेमका ठाऊक. स्वभावही तसाच. मालकाशीही पॉवर्सचं जमलं नाही. वॉनामेकरनं त्याला काढलं, परत बोलावलं, पुन्हा काढलं.

कोठीच्या खोलीपर्यंत पोचलेला मुलगा

१९०४ साली शिकागोत लॉर्ड अँड थॉमस या कंपनीतल्या अल्बर्ट लास्कर नावाच्या चोविशीतल्या भागीदाराला खालून एक चिठ्ठी आली. ‘जाहिरात म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे,’ अशा अर्थाची. पाठवणारा होता जॉन केनेडी. एकेकाळी कॅनडाच्या घोडदळ पोलिसांत नोकरी केलेला, तगडा गडी. त्याचं उत्तर तीन इंग्रजी शब्दांचं होतं. मराठीत सांगायचं तर, जाहिरात म्हणजे छापील रूपातला विक्रेता. आज हे फार साधं वाटतं. पण विक्रेता आला म्हणजे समोर गिऱ्हाईक आलं. त्याच्या शंका आल्या, त्याचं ‘बघू पुढच्या महिन्यात’ आलं. मजकूर दुकानदाराच्या तोंडचा न राहता गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

केनेडी फार टिकला नाही. त्यानंतर लास्करनं आणला तो क्लॉड हॉपकिन्स. या माणसावर मी जरा थांबणार आहे.

हॉपकिन्सचा जन्म १८६६चा, मिशिगन राज्यातला. वडील लहानपणीच गेले. आई चांदीची भांडी घासायचं पॉलिश घरी करायची आणि हा पोरगा ते दारोदार विकायचा. दारात उभं राहून बोललं, की फार थोड्या बायका घेतात. पण आत कोठीच्या खोलीपर्यंत जाऊन एक भांडं घासून दाखवू दिलं, की जवळजवळ सगळ्या घेतात, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. पुढचं त्याचं सगळं करिअर म्हणजे या कोठीत शिरायच्या नवनव्या वाटा. जाहिरातीत कापून पाठवायचं कूपन छापायचं, कुठल्या मजकुराला किती कूपनं परत आली ते मोजायचं आणि हरलेला मजकूर फेकून द्यायचा. आज आपल्या फोनवर एकाच ॲपच्या दोन वेगळ्या जाहिराती दाखवून कुठलीवर जास्त बोटं पडली ते मोजतात. युक्ती तीच आहे.

श्लिट्झ बिअरची त्याची जाहिरात प्रसिद्ध आहे. सगळेच बिअरवाले ‘आमची बिअर शुद्ध’ असं ओरडत होते. हॉपकिन्स कारखाना बघायला गेला. बाटल्या वाफेनं धुतल्या जातात, बिअर काचेच्या खोल्यांत गाळलेल्या हवेत थंड केली जाते, पाणी खोल विहिरींतून येतं. त्यानं विचारलं, हे लोकांना का सांगत नाही? उत्तर आलं, सगळेच असं करतात, त्यात काय सांगायचं? हॉपकिन्सनं नेमकं तेच सांगितलं. जे कुणी सांगितलेलं नसतं, ते पहिलं सांगणाऱ्याचं होतं.

त्याचा पगार वर्षाला १ लाख ८५ हजार डॉलरपर्यंत गेला, अशी नोंद आहे. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. माणूस मात्र धार्मिक घरातला, काटकसरी आणि बुजरा. आपण साध्या लोकांत वाढलो म्हणून साध्या लोकांना विकू शकतो, श्रीमंतांचं मन आपल्याला कळत नाही, असं तो म्हणे. साहित्यिक शैलीवर त्याचा राग होता. लिहिणारा दिसला की विकणं संपलं, असं त्याचं मत.

सासूबाईंची यिडिश

आता दोन बायका.

हेलन लॅन्सडाउन १९०८ साली जे. वॉल्टर थॉम्पसन कंपनीच्या सिनसिनाटी शाखेत कॉपी लिहू लागली. वूडबरी साबण तोवर त्वचेच्या तक्रारींवरचं औषध म्हणून विकला जात होता. हेलननं १९११मध्ये त्याची जाहिरात स्पर्शाच्या, जवळिकीच्या भाषेत लिहिली. त्या काळाच्या मानानं ते धीटच होतं. साबण विकत घेणाऱ्या बाया काय बोलतात आणि काय मनात ठेवतात, हे ऑफिसातल्या पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, यावर तिचा भरवसा होता. पुढे तिनं कंपनीत कॉपी लिहिणाऱ्या स्त्रियांचा स्वतंत्र विभाग उभा केला. कंपनीचे सूत्रधार स्टॅन्ली रिसॉर यांच्याशी १९१७ साली तिचं लग्न झालं. कंपनीचा कारभार त्यांच्या नावावर आणि लिखाणावरची पकड हिची, असा तो संसार होता.

दुसरी शर्ली पॉलिकॉफ. युक्रेनमधून आलेल्या ज्यू कुटुंबातली, ब्रुकलिनमध्ये वाढलेली. १९५६ साली तिच्याकडे क्लेरॉल हेअर कलरचं काम आलं. तेव्हा अमेरिकेत केस रंगवणं सभ्य बाईचं लक्षण मानलं जात नसे. शर्लीला आठवला तो स्वतःचाच जुना प्रसंग. होणाऱ्या नवऱ्याच्या घरी ती पहिल्यांदा गेली होती. ती गेल्यावर होणाऱ्या सासूबाईंनी मुलाला यिडिश भाषेत विचारलं : ही केस रंगवते की नाही रंगवत?

वीसेक वर्षांनी तोच प्रश्न शर्लीनं जाहिरातीचं शीर्षक केला. रंगवते, की नाही? आणि खाली, फक्त तिच्या केशरचनाकारालाच ठाऊक. सोबत फोटोत एक आई आणि तिचं मूल, म्हणजे चारित्र्याबद्दलचा संशय तिथल्या तिथे मिटला. पुढच्या काळात केस रंगवणाऱ्या अमेरिकन स्त्रियांची संख्या अनेक पटींनी वाढली.

इथे मी थबकले. अमेरिकन जाहिरातीच्या इतिहासातलं हे गाजलेलं इंग्रजी वाक्य एका सासूनं स्वयंपाकघरातल्या भाषेत आधीच म्हटलेलं होतं. शर्लीनं ते जपून ठेवलं आणि वेळ आल्यावर ऑफिसात नेलं.

बाकीच्या मोठ्या नावांकडे या नजरेनं बघितलं तर तेच दिसतं. डेव्हिड ओगिल्व्ही आधी ऑक्सफर्डमधून शिक्षण अर्धवट सोडून निघाला, मग पॅरिसच्या हॉटेलात आचारी झाला. त्यानं स्कॉटलंडमध्ये दारोदार चुली विकल्या, अमेरिकेत गॅलपच्या जनमत चाचण्यांचं काम केलं, युद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्यात राबला, पेनसिल्व्हेनियात शेती केली. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. पॉवर्स, हॉपकिन्स, हेलन, शर्ली, ओगिल्व्ही यांच्यात स्वभावाचं साम्य जवळजवळ नाही. एक खडूस, एक बुजरा, एक पडद्यामागची, एक बडबडी, एक नाटकी. सारखं आहे ते एवढंच, की प्रत्येकानं कुणाच्या तरी घरात बराच वेळ ऐकलं होतं.

मुंबईत आलेली खुर्ची

हेलनच्या कंपनीनं १९२९ साली मुंबईत शाखा काढली. जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या जाहिराती करायच्या होत्या. लिव्हरच्या साबणांसाठी १९३९ साली लिंटास आली. त्याआधी गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम ही देशी कंपनी होतीच. पण मोठं काम आणि मोठा पगार विलायती कंपन्यांकडे गेला आणि त्यांच्यासोबत कामाची भाषाही ठरली.

पद्धत अशी पडली : कल्पना इंग्रजीत सुचायची, इंग्रजीत मंजूर व्हायची आणि मग संध्याकाळी भाषांतरासाठी पाठवली जायची. हिंदी, मराठी, गुजराती लिहिणारे बहुतेक बाहेरचे, शब्दांवर किंवा नगावर पैसे घेणारे. मराठीतले चांगले लेखकही या धंद्यात होते. अरुण कोलटकरांचं पोट जाहिरातींतल्या कलादिग्दर्शनावर चालत होतं. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ लिहिणारे किरण नगरकर कॉपीरायटर होते. म्हणजे मराठीत प्रतिभा नव्हती असं नाही. ऑफिसातली मराठीची वेळ संध्याकाळची होती, इतकंच.

ही घडी आधी रेडिओनं विस्कटली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. छापील जाहिरात वाचणाऱ्यालाच कळते, रेडिओची जाहिरात भांडी घासता घासताही ऐकू येते. मग १९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती आल्या. इंग्रजी कमी समजणाऱ्या घरांपर्यंत जाहिरात आता रोज पोचत होती आणि त्या घरांत पैसेही होते.

१९८०च्या दशकात अहमदाबादच्या स्वस्त निरमानं सर्फला घाम फोडला, तेव्हा लिंटासच्या अलेक पदमसींनी ललिताजी उभी केली. भाजी निवडून, भाव करून घेणारी, पण ‘स्वस्त’ आणि ‘चांगलं’ यांतला फरक ठणकावून सांगणारी. ही बाई आपल्याला आपल्या आईवरून सुचली, असं पदमसींनी सांगितलं आहे. पुन्हा घर. पुन्हा आई.

जयपूरचा पाहुणा

त्याच काळात, १९८२ साली, सत्तावीस वर्षांचा एक माणूस मुंबईत ओगिल्व्हीच्या कंपनीत दाखल झाला. जयपूरचा, नऊ भावंडांतला. राजस्थानकडून रणजी खेळलेला, दिल्लीत इतिहास शिकलेला, कोलकात्यात चहाची चव बघण्याची नोकरी केलेला. पीयूष पांडे कॉपीरायटर म्हणून आलेच नव्हते. त्यांना ग्राहकांची मर्जी सांभाळणाऱ्या विभागात घेतलं होतं. लिखाणाच्या खुर्चीवर बसायला त्यांना काही वर्षं लागली.

१९८८ साली दूरदर्शनवर लागलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चे शब्द त्यांचे. मग फेविकॉल, कॅडबरी, एशियन पेंट्स. त्यांच्या जाहिरातींत लोक एसटीच्या टपावर बसायचे तसे बसतात, भांडायचे तसे भांडतात. पांडेंची हिंदी आधी इंग्रजीत सुचून उतरवलेली नव्हती. ती जयपूरच्या अंगणातून, क्रिकेटच्या ड्रेसिंगरूममधून, सुताराशी मारलेल्या गप्पांतून थेट आली होती. मंजुरीसाठी तिचं इंग्रजी करायला बसलं तर हातात काहीच उरलं नसतं. चार दशकं ते एकाच कंपनीत राहिले, तिच्या सर्वोच्च पदावर गेले, २०१६ साली पद्मश्री झाले आणि ऑक्टोबर २०२५मध्ये गेले. त्यांच्यामुळे जाहिरात कंपनीत हिंदीत विचार करणं कमीपणाचं राहिलं नाही. हे काम लहान नव्हे.

आता त्यातली मला टोचणारी बाजू. त्यांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या ओळींत एक आहे : ‘चल मेरी लुना’. लुना पुण्याची, फिरोदियांच्या कायनेटिकची. पुण्याच्या मोपेडला जयपूरच्या माणसानं हिंदी ओळ दिली आणि ती अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसली. ओळ सुंदरच आहे. मालाला देशभर जायचं होतं, त्यामुळे हिंदी साहजिकच होती. पण हिंदीला खुर्ची मिळाली म्हणून मराठीला मिळाली असं झालं नाही. फक्त आमच्याकडे येणारा मूळ मजकूर इंग्रजीऐवजी कधी कधी हिंदीत येऊ लागला.

माझ्या टेबलावरून

हे काम कसं चालतं ते सांगते. हिंदी फिल्म तयार होऊन येते. तीस सेकंदांत, हिंदी बोलणाऱ्या ओठांवर बसेल असं मराठी लिहायचं. ओठ मिटतात तिथे प, ब, म यांतलं काही यायला हवं. छापील मजकुराची अडचण वेगळी. इंग्रजीत एक ‘यू’ असतो, आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण. ‘तू’ निवडलं की लगेच करतोस की करतेस हा प्रश्न. म्हणून आम्ही भूतकाळाचा आसरा घेतो : ‘बचत सुरू केलीस का?’ यात क्रियापद बचतीच्या मागे जातं, वाचणारा मुलगा की मुलगी हे सांगावंच लागत नाही. मराठीच्या पोटात अशा किती सोयी आहेत, ते लिहायला बसल्यावर कळतं.

आणि मग येतं ‘बॅक ट्रान्सलेशन’. मराठी न कळणाऱ्या ग्राहकाला मंजुरी देता यावी म्हणून माझ्या मराठी ओळीचं पुन्हा शब्दशः इंग्रजी करून द्यावं लागतं. एकदा मी लिहिलं होतं, ‘पोरं जेवली की आईचं पोट भरतं.’ तिकडून विचारणा आली : आपलं उत्पादन मुलांसाठी आहे, मग आईचं पोट का भरतंय? आणि आई उपाशी आहे असा अर्थ तर निघत नाही ना? ओळ गेली. तिच्या जागी ‘मुलांना द्या संपूर्ण पोषण’ आलं. इंग्रजीतून आलेलं, इंग्रजीत परत जाऊ शकणारं आणि मराठीत कुणी कधीच न बोलणारं वाक्य. तुमच्या फोनवरच्या मराठी जाहिराती बऱ्याचदा अशा अळणी का असतात, त्याचं एक कारण हे. लिहिणाऱ्याला मराठी येत नसते असं नाही. या गाळणीतून जाऊ शकेल तेवढंच मराठी त्यानं लिहायचं असतं.

करिअरचंही तेच. ट्रेनी, ज्युनिअर, सिनिअर, ग्रुप हेड, क्रिएटिव्ह डायरेक्टर अशी कॉपीरायटरची शिडी असते. लँग्वेज कॉपी लिहिणाऱ्यांची शिडी मी पाहिली तिथे दोन-तीन पायऱ्यांत संपते. कारण वरच्या पायरीवर कल्पना मांडायची असते आणि कल्पना आमच्याकडून अपेक्षितच नसते. आता तर एका भाषेतून दुसरीत मजकूर फिरवायचं काम मशीनही क्षणात करतं. ते दिवसेंदिवस बरं होत जाईल. ज्यांनी आम्हाला इतकी वर्षं भाषांतरापुरतंच ठेवलं, ते आता विचारतात, मग तुमचं काम काय?

मी हॉपकिन्सकडे बोट दाखवते. कोठीत जाणं.

गेल्या उन्हाळ्यात मसाल्यांच्या एका छोट्या ग्राहकाचं काम आलं. मालकीण मराठी, तिनं सगळं मराठीतच सांगितलं. मी दोन दुपारी लालबागच्या मसाला गल्लीत जाऊन बसले. मिरच्या कांडून घ्यायला आलेल्या बायकांच्या रांगेत, शिंका देत. एका आजींना विचारलं, मसाला जमलाय हे कसं कळतं? त्या म्हणाल्या, “चव बघून काय कळतंय? शेजारीण विचारायला आली, की जमला.”

ऑफिसात येऊन मी लिहिलं : ‘शेजारीण विचारायला येणार.’ मालकिणीनं वाचलं, हसली आणि मंजूर म्हणाली. बॅक ट्रान्सलेशन कुणी मागितलंच नाही.

पुढच्या आठवड्यात दुकानातल्या इंग्रजी पाटीसाठी आमचा इंग्रजी कॉपीरायटर माझ्या टेबलाशी आला. हुशार मुलगा आहे. त्यानं तीन-चार पर्याय लिहून आणले होते. एकातही शेजारीण येत नव्हती, नुसते शेजारी येत होते. “हिचं नक्की काय करू?” त्यानं विचारलं. मी त्याला खुर्ची ओढून दिली आणि शेजारीण म्हणजे कोण, ते सांगायला सुरुवात केली.